डोक्यातला पाट

रविवार, ७ जानेवारी

ही वही हर्षालीने आणून दिली. हर्षाली माझी नात, धनराजची थोरली. मुंबई नाक्याकडच्या एका मोठ्या दवाखान्यात ती एमआरआयच्या मशीनवर कामाला आहे. मी चौथी पास. लग्नानंतर मी लिहिलं ते किराण्याच्या यादीपुरतंच, त्यामुळे अक्षर कसं येतंय ते मलाच बघायचंय. बरं येतंय.

तर गोष्ट अशी. हर्षाली म्हणाली, आपल्या मेंदूच्या आत आणि भोवती पाणी असतं आणि ते वाहतं. मी म्हटलं, वाहून जातं कुठे? म्हणाली, फार हळू जातं आजी, इतकं हळू की साध्या फोटोत थांबलेलंच दिसतं. तिचे यादव डॉक्टर आता त्या मशीनमधून ते हळू पाणी वाहताना बघतात. त्यांच्या अभ्यासाला धडधाकट म्हातारी माणसं हवी आहेत.

"आणि तुझ्याइतकं धडधाकट तर आमच्या बघण्यात कोणीच नाही," असं ती म्हणाली. म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही, ताटातली भुईमुगाची टरफलं एकेक वेचत बसली. लाजाळू पोर आहे. कौतुक करायचं तरी मान खाली.

दवाखान्याची पायरी चढायची नाही असं मी ठरवलेलं आहे. धनराजचे वडील चालत आत गेले आणि चौघांच्या खांद्यावरून बाहेर आले, त्याला बावीस वर्षं झाली. पण हे काही आजारपण नाही. नातीच्या कामाला आपलं डोकं उपयोगी पडतंय. मी लगेच हो म्हटलं. धनराजने इतका मोठा श्वास सोडला की पल्लवी, म्हणजे माझी सून, चहा गाळता गाळता हसली.

अभ्यासातल्या माणसांनी रोज थोडं लिहायचं असतं म्हणे. हर्षाली वाचणार नाही. शेवटी डॉक्टरांना द्यायची की नाही ते माझं मी ठरवायचं. त्यामुळे इथे खरं लिहायला हरकत नाही.

मंगळवार, ९ जानेवारी

आज घंटागाडी पुन्हा चुकली. गाणं ऐकू आलं तेव्हाच मी कचऱ्याची बादली उचलली होती, पण दारातून पाय निघेचनात. गुळाच्या पाकात उभं राहावं तसे जमिनीला चिकटून बसतात. एकदा निघाले की मग तुरुतुरु जातात, आणि वळायचं म्हटलं की पुन्हा चिकटतात. मला वाटतं पल्लवी फरशी पुसायला जे निळं औषध आणते त्याचा हा गुण. बादली घेऊन खाली गेले तोवर गाडी चौकापलीकडे.

परवा न्हाणीघरापर्यंत पोचायच्या आत लुगडं भिजलं. ते मी स्वतः धुऊन वाळत घातलं. हे कोणाला सांगायचं नाही. हर्षालीला धडधाकट बाई हवी आहे.

धनराजचं एक नवीन चाललंय. ओझरच्या विमानाच्या कारखान्यातून आला की सोफ्यावर बसतो आणि म्हणतो, "आई, जरा पाणी आण ना गं." मी स्वयंपाकघरातून हॉलभर चालत आणते, तो आपला हातात फोन धरून बघत असतो. मग म्हणतो, आता पेला ठेवून ये. पन्नाशी आली की माणसाला आईच्या हातचं पाणी गोड लागतं. पूर्वी स्वतः उठून घ्यायचा.

शुक्रवार, १२ जानेवारी

हर्षालीला सुट्टी होती. द्राक्षं आणली होती, ती मोठ्या पातेल्यात पाण्यात घालून धूत होती. मी विचारलं, एवढं हळू पाणी तुमच्या मशीनला कळतं कसं?

ती म्हणाली, "मशीन पाण्याच्या एका पट्ट्यावर खूण करतं. रंग नाही, सुई नाही, नुसत्या चुंबकाने. मग दोन-चार सेकंद थांबायचं आणि खूण कुठपर्यंत गेली ते बघायचं."

"मग भुसा टाकता म्हण की."

"कसला भुसा?"

आता हिला काय माहीत. माझं माहेर सटाण्याकडचं, मोसम नदीच्या काठचं. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटातून सगळ्या गावाच्या रानाला पाळीपाळीने पाणी. माझे वडील सहादू पाटकरी होते, म्हणजे पाळी सांभाळणारे. उन्हाळ्यात पाट इतका मंद व्हायचा की पाणी चालतंय की झोपलंय ते कळायचं नाही. तेव्हा वडील मूठभर भुसा टाकायचे आणि मला म्हणायचे, "जाय, त्याना संगे चाल." मी सात वर्षांची. भुशाच्या चालीने काठाकाठाने चालायचं, पुढे पळायचं नाही, मागे राहायचं नाही. भुसा जिथे गोल गोल फिरत बसेल तिथे उभं राहून हाक मारायची. तिथून पुढे काहीतरी अडलेलं असायचंच. गाळ तरी, नाहीतर मेलेली घूस तरी.

वडिलांची आणखी एक रीत होती. पाळीवरून भांडण लागलं की दोघांनाही पाटाच्या काठी बसवायचे, उजवा हात पाण्यात घालायला लावायचे आणि मग विचारायचे, बांध कोणी फोडला? पाण्यात हात असताना आमच्या गावात कोणी खोटं बोलत नाही.

हर्षालीने पातेल्यातला हात झटकन बाहेर काढला आणि ओढणीला पुसत बसली. थंडीच तशी पडली आहे, पाणी गार लागलं असेल.

गुरुवार, १८ जानेवारी

आज फार आनंदाचा दिवस. शेजारच्या मंगलाबाईकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. आमच्या सोसायटीतल्या बायकांनी यंदा ठरवलंय की नवरा गेलेल्या बायकांनाही बोलवायचं. मला वाटलं बोलावतील आणि नुसता तिळगूळ देतील. मंगलाबाई कुंकवाची कोयरी घेऊन माझ्यासमोर आली आणि तिने हळू आवाजात विचारलं, "ताई, लावू का?" मी म्हटलं, लाव. बावीस वर्षांनी. वाण म्हणून चहाची गाळणी दिली, हिरव्या दांड्याची. घरी आल्यावर मी आरशासमोर खूप वेळ उभी होते. पल्लवी म्हणाली, "आई, छान दिसतंय, पुसू नका." कोण पुसतंय.

शनिवार, २० जानेवारी

आज फार आनंदाचा दिवस. मंगलाबाईकडे हळदीकुंकू होतं. आमच्या सोसायटीने यंदा ठरवलंय, आमच्यासारख्या बायकांनाही बोलवायचं. मंगलाबाई माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "ताई, लावू का?" मी म्हटलं, लाव. बावीस वर्षांनी कपाळाला बोट लागलं. वाणात हिरव्या दांड्याची चहाची गाळणी मिळाली. आमची जुनी गाळणी कुठे गेली कोण जाणे, बरं झालं मिळाली. हे लगेच लिहून ठेवते, नाहीतर असल्या चांगल्या गोष्टी राहून जातात.

मंगळवार, २३ जानेवारी

आज परीक्षा होती. मशीन उद्या. मंगलाबाईच्या मालकांनी मागच्या वर्षी अशीच परीक्षा दिली होती, त्यामुळे काय विचारतात ते मला आधीच ठाऊक होतं. आठवडाभर तिने माझी तयारी करून घेतली. मध्येच म्हणाली, "ताई, हे चोरून शिकणं बरं का? खरं काय ते कळू द्यावं." मी म्हटलं, पोरीचा अभ्यास आहे, तिची मान खाली जायला नको.

चालायची परीक्षा लांबलचक व्हरांड्यात झाली. मला एक युक्ती सापडली आहे. नुसतं चालायचं म्हटलं की पाय चिकटतात, पण फरशीची रेघ ओलांडायची असं मनात धरलं की पाय उचलतो. रानात वाफ्यांचे वरंबे ओलांडत जायचो तशी मी एकेक रेघ ओलांडत गेले. वळताना मात्र जरा गडबडणार होते. तेवढ्यात मी, "अगं बाई, भिंतीवरचं हे चित्र कोणाचं?" म्हणून भिंतीला हात लावला आणि वळून घेतलं.

मग यादव डॉक्टरांनी पाच शब्द सांगितले आणि म्हणाले, थोड्या वेळाने विचारीन. चांगला माणूस, बोलणं मऊ. त्यांचा फोन वाजला, ते खिडकीकडे वळले, तेवढ्यात मी पदराआडून बॉलपेन काढलं आणि तळहातावर लिहिलं. कुलूप, पेरू, घंटा, चादर, बैल. शाळेत कधी केलं नाही ते बहात्तराव्या वर्षी केलं. पाचही शब्द सांगितल्यावर डॉक्टर म्हणाले, "वा आजी, पैकीच्या पैकी."

घरी काही त्रास? काही नाही. पडता-बिडता? छे. लघवीचं काही? मी म्हटलं, इश्श. सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता, त्यामुळे त्या बाजूनेही माझी फजिती झाली नाही.

हर्षालीचा चेहरा उतरला होता. बरोबर आहे. आपल्या माणसाचं एवढं चांगलं झालं की दृष्ट लागेल म्हणून आम्हीसुद्धा तोंड पाडायचो.

बुधवार, २४ जानेवारी

मशीन म्हणजे आडवी विहीर. हातातली पाटली, गळ्यातली माळ, कानातलं, सगळं काढून ठेवलं. हर्षालीने दंडावरचं गोंदण बघितलं आणि म्हणाली, तिथे गरम वाटलं तर हा रबरी फुगा दाब. बोटाला चिमटा लावला. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी डोक्यातलं पाणी जरा पुढे-मागे होतं, त्या ठोक्यांच्या तालावर मशीन चित्र काढतं म्हणे. आवाज असा की जुन्या विहिरीवरचं ऑइल इंजिन कोणी कानाशी आणून चालू करावं. मला तर गावी गेल्यासारखं वाटलं. हलायचं नव्हतं, हलले नाही. मनातल्या मनात भुशाबरोबर चालत राहिले.

काचेपलीकडून हर्षाली आवाज देत होती. "आजी, छान. अजून चार मिनिटं." शेवटी तिचा आवाज बसल्यासारखा आला. दिवसभर त्या गार खोलीत बसते, घसा धरणारच.

गुरुवार, १ फेब्रुवारी

काहीतरी बिनसलंय. हर्षाली स्वयंपाकघरात पल्लवीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. मी आत गेले तर म्हणाली, कांदा चिरत होते. ओट्यावर कांदा नव्हता, मेथी होती.

मग धनराज चढ्या आवाजात बोलताना ऐकू आला. "मी व्हिडिओ दाखवले ना त्यांना." हर्षाली म्हणाली, "ते म्हणतात गुडघ्यानेही माणूस असंच हळू चालतं. परीक्षेत सगळं चांगलं आलंय, आजी स्वतः म्हणते काही त्रास नाही. मग पुढचं कसं करणार?"

कसले व्हिडिओ कोण जाणे, कारखान्यातले असतील. पण मला एवढं कळलं की पोरीचा अभ्यास फसला आणि त्यात माझंच काहीतरी आहे. मशीनमध्ये हलले असेन का? एकदा नाक खाजलं होतं, पण मी हात लावला नाही.

आज बाहेरच्या खोलीत पडले. कोणी घरात नव्हतं. उठायला पाऊण तास लागला. कोपराला निळं झालंय, लांब बाह्यांचं पोलकं घातलं.

सोमवार, ५ फेब्रुवारी

आज दवाखान्यात मी आपणहून गेले. हर्षालीला म्हटलं, माझ्यामुळे तुझं काय अडलंय ते मला तुझ्या डॉक्टरांकडूनच ऐकायचंय, आणि माझ्या डोक्याचं चित्र मला दाखवलंच पाहिजे, डोकं माझं आहे. ती बरंच नको नको म्हणाली. मग धनराज म्हणाला, "चल, बघू दे तिला."

यादव डॉक्टरांनी पडद्यावर दोन चित्रं लावली. चित्रं कसली, हलणारीच होती. पहिल्यात काळ्या पाण्यावर एक पांढरी पट्टी. ठोक्याला ती पुढे सरकली, वळली, पसरत मिसळून गेली. दुसऱ्यातही तशीच पट्टी, पण ती जरा वर जायची, जरा खाली यायची आणि होती तिथेच. आतली पोकळी फुगून मोठी झालेली, आणि वरच्या अंगाच्या मेंदूच्या वळ्या कवटीला दाबून चपट्या झालेल्या.

मी म्हटलं, "हे दुसरं माझं."

डॉक्टर म्हणाले, "कशावरून आजी? मी नाव झाकलंय."

"भुसा जागच्या जागी फिरतोय. पुढे अडलंय, मागे तळं साचलंय, आणि बांधाला ओल लागलीय. ह्याला धडधाकट कोण म्हणेल?"

मी हर्षालीकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती, त्या दिवशी शेंगांच्या टरफलांकडे बघत होती तशीच. मग माझ्या लक्षात आलं.

"तू मला फसवून आणलंस."

"खरं सांगितलं असतं तर तू आली असतीस का आजी?"

आले नसते. तिच्यावर रागवायचा मला पुरा हक्क होता. पण माझ्या पिशवीत ही वही होती आणि पोलक्याच्या बाहीत निळं कोपर होतं, त्यामुळे राग काही नीट जमेना.

डॉक्टर सावकाश म्हणाले, "पाणी साचून पाय धरतात, विसरायला होतं, लघवी आवरत नाही. म्हातारपण म्हणून लोक सोडून देतात. वेळेवर बघितलं तर पुष्कळदा सुधारतं, उशीर झाला तर फारसं नाही. पण नुसतं चित्र बघून मी डोक्याला हात लावत नाही. तुम्हाला काहीच त्रास नसेल तर इथेच थांबू."

टेबलावर झाकलेला पाण्याचा पेला होता. मी झाकण काढलं आणि उजव्या हाताची बोटं त्यात घातली.

"आजी, ते प्यायचं पाणी आहे."

"मला दिसतंय," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. तळहातावरचे पाच शब्द, फरशीच्या रेघा, भिंतीवरचं चित्र, भिजलेलं लुगडं, गुरुवारचं पडणं. धनराजने कपाळाला हात लावला. "आई, कॉपी केलीस?" डॉक्टर मात्र हसले नाहीत. मी वही त्यांच्यापुढे सरकवली. ते उलटून बघत गेले. संक्रांतीच्या आसपासच्या दोन पानांवर बराच वेळ थांबले, एक पान पुढे, एक मागे, पुन्हा पुढे. मग हर्षालीला दाखवलं. तिने तोंडावर ओढणी धरली. माझं अक्षर लागलं नसेल, पण त्यात रडण्यासारखं काय आहे.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

काल पाठीच्या कण्यातून सुईने थोडं पाणी काढलं. चहाचा छोटा कप भरेल एवढं. आज सकाळी डॉक्टर म्हणाले, चाला आजी, पण रेघांकडे बघायचं नाही, माझ्याकडे बघायचं. मी चालले. व्हरांड्याच्या टोकाला गेले, वळले आणि परत आले. वळले म्हणजे नुसती वळले. भिंत नाही, चित्र नाही. धनराज खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

डॉक्टर म्हणाले, हे दोन-चार दिवसांचंच आहे, पाणी पुन्हा साचेल. कायमचं करायचं तर डोक्यातून पोटापर्यंत कातडीखालून एक बारीक नळी घालायची. जास्तीचं पाणी पोटात उतरेल आणि तिथे जिरेल. धोका अगदीच नाही असं नाही. विचार करा.

मी म्हटलं, "सांडवा."

"काय म्हणालात?"

"पाटाला सांडवा असतो, जास्तीचं पाणी नदीत परत सोडायला. ज्या पाटाला सांडवा नाही तो आज ना उद्या फुटतो. माझे वडील म्हणायचे. यात विचार काय करायचा?"

बाहेर आल्यावर विचार केला. धनराजचे वडील ज्या दारातून गेले तसल्याच दारातून जायचं. पण पाय चिकटवून घरात बसले तरी कुठे मोठी सुटका आहे?

मंगळवार, २७ फेब्रुवारी

झालं. चालत गेले, चालत आले. डोक्याची उजवी बाजू भादरली आहे, पल्लवी म्हणते पदर घेतला की कळत नाही. कानामागे चिंचोक्याएवढा उंचवटा लागतो, तेच त्या नळीचं दार. डॉक्टर बाहेरून चुंबक धरून ते कमी-जास्त करतात. चुंबकानेच खूण करायची आणि चुंबकानेच दार उघडायचं. वडिलांना फावडं लागायचं.

मशीनमध्ये पुन्हा जायचं झालं तर दाराचं आधी सांगायचं, असं कार्ड दिलंय. हर्षालीने ते माझ्या पर्समध्ये ठेवलं, धनराजने फोटो काढून ठेवला, पल्लवीने देव्हाऱ्यात ठेवायला मागितलं. मी म्हटलं, पर्समध्येच राहू द्या, देवाला कुठे मशीनमध्ये जायचंय.

मंगळवार, ९ एप्रिल, पाडवा

गुढी मी उभारली. स्टुलावर चढू दिलं नाही, पण गाठी मी बांधली. लघवीचं अजून कधीमधी होतं, अगदी नाही असं नाही. पाय मात्र माझे आहेत.

धनराज आता पाणी मागत नाही. परवा तो आल्याबरोबर मी आपणहून नेऊन दिलं तर म्हणाला, "आई, बस ना, मी घेतलं असतं." बरी झाले तशी आईच्या पाण्याची गोडी संपली. पोरांचं असंच असतं.

दुपारी ही वही पहिल्यापासून वाचली. जानेवारीच्या १८ तारखेला मंगलाबाईने मला कुंकू लावलं. २० तारखेलाही लावलं. दोन्हीकडे बावीस वर्षांनी, दोन्हीकडे हिरवी गाळणी. मी उठून स्वयंपाकघरात बघितलं. हिरवी गाळणी एकच आहे. मंगलाबाईला विचारायला गेले तर तिने आधी मला बसवलं, मग म्हणाली, "ताई, हळदीकुंकू एकदाच झालं. गुरुवारी." शनिवारी मी तिच्या दारात नटून उभी होते, तिने चहा करून दिला आणि कुंकवाचं काही बोलली नाही, एवढं तिने सांगितलं.

डॉक्टर त्या पानांवर का थांबले ते कळलं. त्या दोन दिवसांमध्ये माझं काय काय वाहून गेलं असेल, आणि मला वाटत होतं मी लिहून ठेवतेय.

हर्षालीला सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, ते दुसरं पान काढून टाकायचं का?"

मी नको म्हटलं. एकदाच कुंकू लागलं, आणि त्याचा पहिल्यांदाच होतो तसा आनंद मला दोनदा झाला. डोक्यात पाणी साचल्याचा माझ्या पदरात पडलेला तेवढाच फायदा आहे, तो कशाला फाडून टाकायचा.

घंटागाडीचं गाणं वाजतंय. आज सणाचं उशिरा आली. जाते, बादली दारातच आहे.